कीर्तनगाडीचं चौथं सील

"आज चौथ्यांदा चाक गळतंय," कीर्तनकार रुख्मिणीताई म्हणाल्या. "संध्याकाळी खाप्याला कीर्तन. ड्रायव्हर देवरावांना आजच कामावरून काढायचं का, तेवढं सांगा."

खासगी तपास करणारी मयुरा ढोके गाडीभोवती फिरत होती. मागोमाग तिचे विश्वनाथमामा, कोणत्याही तपासात न बोलावता हजर. ताईंची कीर्तनगाडी म्हणजे जुन्या बसचं केलेलं फिरतं घर. आत झोपायच्या बाकड्या, शेगडी, पेटी, मृदंग. मागच्या उजव्या चाकावर काळं तेल ओघळलं होतं.

"चाकातलं तेल अडवायला रबरी सील असतं. ते गेलं की तेल ब्रेकवर." ताईंच्या येरझारा थांबत नव्हत्या. "काल कुहीहून येताना ब्रेकच लागेना. आत आठ माणसं होती हो! देवरावांना मिहानच्या उद्योगनगरीत कंपनीची बस चालवायची नोकरी मिळतेय. सरळ सोडता येत नाही म्हणून गाडीच बंद पाडायला सील कापत असतील, असं मनात येतं. मग स्वतःचीच लाज वाटते."

मामा कुजबुजले, "ड्रायव्हरच वं. मले त्याचे डोळेच सांगून राहिले."

"मागच्या वेळी तुम्हाले पोस्टमनचे डोळे सांगून राहिले होते, मामा."

देवराव पायरीवर बसले होते. बारा वर्षं ही गाडी त्यांच्याच हातात.

"मिहानचं खरं आहे. मागच्या महिन्यात नाही म्हणून टाकलं. ताईले काय सांगू? उपकार केल्यासारखं होते."

"गळती केव्हा होते?"

"गावात फिरवली तर थेंब नाही. कुही, खापा, लांबचा पल्ला झाला का सुरू. चैत्रात गाडी जॅकवर उचलली होती, त्याच्यानंतर लागलं हे."

मिस्त्री भैय्याजी आले तेच तणतणत. "मी नकली सील टाकतो म्हणे! तीन दुकानातून तीन सील आणले. पहिले डावं गळलं, मग उजवं, मग डावं. आज उजवं. बेअरिंग ठीक, सीलची जागा काचेसारखी गुळगुळीत."

"कापलेलं होतं?"

"नाही जी. कडा बाहेर उलटलेली. अन् ॲक्सलचं तेल पाहाले बोल्ट ढिला केला का फुस्सकन तेल तोंडावर! दोन शर्ट गेले माहे."

प्रयागबाईंनी चहा आणला. त्या ताईंच्या मागे टाळ धरत आणि सगळ्यांचा स्वयंपाकही करत. कपावर त्यांच्या बोटाचा शेंदरी ठसा उमटला. पदराला ग्रीस लागलं होतं.

"मारुतीले जाऊन आल्या वाटते," मामा म्हणाले.

"शनवार नं आज. पण या उन्हात कुठं जाऊ? माहा देव इथंच आहे."

मयुराने कप तसाच ठेवला, टॉर्च मागितला आणि गाडीखाली शिरली. बाहेर आली तेव्हा केस धुळीने भरले होते आणि एक मूठ बंद होती.

"सगळ्यांना बोलवा."

सगळे जमले. ताई काही बसेनात.

"सील कोणी कापलं नाही," मयुरा म्हणाली. "कापल्याने कडा बाहेर उलटत नाही. ती आतून ढकलली गेलीय. आणि खोट एका चाकात असती तर तेच चाक गळलं असतं. इथं डावं, उजवं, पुन्हा डावं. म्हणजे खोट दोघांना जोडणाऱ्या ॲक्सलमध्ये."

"पण लांबच्या पल्ल्यालेच काहून?" मामा.

"गाडी खूप चालली की तेल तापतं, आतली हवा फुगते. ती सुटायला ॲक्सलवर बोराएवढी, भोक असलेली टोपी असते. तीच बुजली तर हवा जिथं नाजूक तिथून निघणार. सीलमधून. भैय्याजी, तुमच्या तोंडावर तेल उडालं ते याच हवेनं."

भैय्याजींनी कपाळावर हात मारला. "तीन खेपा चाक खोललं. वर टोपीकडे नाही पाहिलं!"

मयुराने मूठ उघडली. तळव्यावर जाड, कडक, शेंदरी खपली. "शेंदूर आणि तेल. थरावर थर."

प्रयागबाईंनी आपल्या शेंदरी बोटांकडे पाहिलं.

"गाडी उचलली तवा देवराव ॲक्सल दाखवून म्हणाले, सारा भार याच्यावरच. वर इवलुसं गोल, मारुतीसारखंच दिसलं. म्हटलं, साऱ्यायले वाहून नेते, त्याले दर शनवारी शेंदूर लावावं... मी तुम्हाले मारत होती का वं?"

"नाही मावशी. तुम्ही जीव लावला. फक्त त्याचं नाक बुजलं."

ताईंनी प्रयागबाईंना पोटाशी धरलं. बराच वेळ सोडलं नाही. मग त्या देवरावांकडे वळल्या.

"देवराव, मी तुमच्यावर..."

"माहीत होतं ताई. रोज माह्या आधी चाकाखाली वाकून पाहत होत्या."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं काहून नाही?"

हजारो लोकांपुढे कीर्तनाला उभ्या राहणाऱ्या ताई देवरावांपुढे वाकल्या. त्यांनी हात जोडले. देवराव गडबडून मागे सरले.

"निघायचं का?" ताईंनी हळूच विचारलं.

"नाही. टोपी साफ करू, सील टाकू. ब्रेकचे लायनर तेल पिऊन आहेत, तेही बदलू. तीन तास. त्याच्याशिवाय मी स्टेअरिंगले हात लावत नाही."

"अन् खाप्याची मंडळी?" मामा अस्वस्थ झाले. "मांडव भरून राहिला असन!"

ताईंनी फोन लावलाच होता.

"हो, मीच बोलतेय. कीर्तन उशिरा उभं राहील. किती उशीर ते मी कसं सांगू? देवराव म्हणतील तेव्हा निघू."