हळदीच्या गिरणीतली मुकी घंटा

घंटेच्या हातोडीला कुणीतरी कापूस गुंडाळून वर दोरा आवळला होता. शिडीवर उभ्या असलेल्या लालासाहेबांनी तो हळूच सोडवला.

"काय सापडलं?" खालून मालक जयपालनं विचारलं.

"चिंधी," लालासाहेब म्हणाले आणि कापूस खिशात घातला. खरं काय ते एवढ्यात कुणाला सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

लालासाहेब रहिमतपूरचे. फौजेत विजेच्या कामावर उमेदीची वर्षं गेली. निवृत्तीनंतर ते सांगलीतल्या कारखान्यांची विजेची कामं बघत. १९७४ साल, वीजकपातीचे दिवस. प्रत्येक कारखान्याला विजेची मर्यादा घालून दिलेली. जयपालच्या गिरणीत तीन मोठ्या मोटारी होत्या. एक दळायची, एक चाळायची आणि एक हळकुंडं घोळून चकचकीत करणाऱ्या पॉलिशच्या ढोलाची. तिन्ही एकदम जोरात आल्या की मर्यादा मोडायची. म्हणून लालासाहेबांनी ही घंटा बसवून दिली होती. भार मर्यादेजवळ आला की ती वाजायची. मग एक मोटार थांबवायची आणि उरलेल्या चालू ठेवायच्या. आजूबाजूच्या गिरण्या निम्मा आठवडा बंद असताना ही गिरणी रोज चालत होती.

काल मात्र घंटा वाजलीच नाही. मर्यादा मोडली. पूर्वी एकदा ताकीद मिळालेली असल्यामुळं आज सकाळी वीज मंडळाची माणसं आली, वीज तोडून सील लावून गेली. ऐन हंगामात.

"हे शालूबाईचंच काम," जयपाल म्हणाला. "घंटा झाली की आम्ही ढोल थांबवतो. ढोलावरच्या बायकांना घरी जावं लागतं, मजुरी बुडते. परवा त्यावरनं ती माझ्याशी भांडली. सकाळीच काढून टाकलीय तिला. आता पोलिसात देतो."

"दर वेळी ढोलच का थांबवता? पाळीपाळीनं थांबवा म्हणून सांगितलं होतं मी."

"दळण अडलं तर व्यापारी थांबतील का?"

लालासाहेब शिडीवरून खाली उतरले. त्यांनी घंटेची खोली निरखून पाहिली. एक दार गिरणीत उघडत होतं, दुसरं मालकांच्या घरात. घंटा घराला लागून असलेल्या भिंतीवरच होती.

शालूबाई फाटकाबाहेर बसली होती.

"घंटेला चिंधी गुंडाळली ती तुमी?"

"न्हाई."

"राग हुता?"

"लय हुता. पर रागावल्यालं मानूस घंटा फोडंल. गुंडाळत कशाला बसंल?"

"काल त्या खोलीत कोन गेलं, बघितलं?"

"आमी ढोलापाशी. धुरळ्यात आमाला काय दिसतंय?"

तिनं तांब्यातलं पाणी घोटभर घेतलं. तांब्यावर तिच्या बोटांचे पिवळे ठसे उमटले. लालासाहेब त्या ठशांकडं बघत राहिले.

तिथून ते घरात गेले. जयपालचे वडील तवनाप्पा आजारी पत्नीला, राजमतीबाईंना, पुठ्ठ्यानं वारा घालत होते. गिरणीची वीज गेली तसा घरातला पंखाही थांबला होता.

"आप्पा, कसं हाय आईंचं?"

"काळीज लय नाजूक झालंय. दचकू देऊ नका म्हनत्यात मिरजंचे डाक्टर."

"घंटेला चिंधी गुंडाळली म्हणून जयपाल शालूबाईला पोलिसात देतोय."

म्हाताऱ्याचा हात थांबला. "त्या बाईवर कशाला आळ? घंटंत कापूस काय, कुनी बी घालंल."

लालासाहेबांना पुढं विचारवेना. पण फाटकाबाहेर ती बाई बसली होती. ते दोघा बापलेकांना ओसरीवर घेऊन गेले आणि खिशातला कापूस त्यांनी जयपालच्या हातावर ठेवला.

"बघ. पांढरा शुभ्र आहे. गिरणीत काम करणाऱ्या कुणाचाही हात लागला असता तर पिवळा झाला असता. म्हणजे हा घरातल्या दारानं आला. दवाखान्याचा कापूस आहे, आजाऱ्याच्या खोलीतला. आणि मी तर सगळ्यांना चिंधी सापडली म्हणून सांगितलं होतं. कापूस म्हणाले ते फक्त आप्पा."

जयपालनं वडिलांकडं पाहिलं. "तुम्ही?"

"घंटा झाली की ती अंथरुनात दचकून उठायची. छातीवर हात धरून बसायची," तवनाप्पा म्हणाले. "दुपारी जरा डोळा लागू दे, सांजच्याला काढतो म्हटलं. तिला झोप लागली, गड्या. लय दिसांनी. तिच्याकडं बघत बघत माझा बी डोळा लागला, नि कापूस काढायचा ऱ्हायला."

"मला सांगायचं की."

"सांगितलं हुतं. घंटा हलीव म्हनालो. तिथंच बरी ऐकू येती, म्हनालास तू."

जयपाल पायरीवर बसला. बराच वेळ तो कापूस नुसता बोटांनी पिंजत राहिला. मग उठून वीज कार्यालयात गेला आणि उतरलेल्या तोंडानं परत आला. सील कधी निघेल ते तिथंही कुणी सांगेना. तारा जोडायला लालासाहेबांना एक क्षणही लागला नसता. पण सीलला हात लावायचा त्यांना अधिकार नव्हता.

ते फाटकाबाहेर आले.

"तुमच्यावरचा आळ गेला, बाई. मालकांनी कामावर बोलावलंय."

"कवा येऊ?"

"वीज आल्यावर."

"कवा येती?"

लालासाहेबांनी मागं वळून बंद गिरणीकडं पाहिलं.

"ढोलावरची अंबूबाई म्हनत हुती, मिरजंला दवाखान्यात झाडलोटीला बाया पायजेत," ती म्हणाली. तिनं तांब्या पिशवीत घातला, पदर खोचला आणि ती मिरजेच्या रस्त्याला लागली.