बाबांना ऐकू येईल असं

माझं काम कान तपासण्याचं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात मागच्या बाजूला एक खोली आहे आणि त्या खोलीत माणूस जेमतेम मावेल एवढी केबिन आहे. दोन जाड दारं, आतून करडा स्पंज, समोर पुस्तकाएवढी काच. पेशंटला आत बसवायचं, हेडफोन चढवायचा, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, "अगदी बारीक आवाज आला तरी दाबा." मग बाहेर बसून मी एकेक सूर सोडते, मोठ्यापासून बारीक होत जाणारा. त्यांनी बटण दाबलं की माझ्यासमोरच्या यंत्रावर हिरवा दिवा लागतो. यात गूढ असं काही नाही. इतकी वर्षं केल्यावर तर कंटाळ्याशिवाय दुसरं काही उरतच नाही.

एक युक्ती मात्र प्रत्येक वेळी करावी लागते. मधेच काही सोडायचंच नाही, थोडा वेळ नुसती शांतता ठेवायची. माणसं परीक्षेला बसल्यासारखी घाबरतात आणि नापास होऊ नये म्हणून आवाज नसतानाही बटण दाबत सुटतात. शांततेत दिवा लागला की समजायचं, गाडी अंदाजपंचे चालली आहे. त्या शांततेला आम्ही मोकळी जागा म्हणतो.

माझे वडील छापखान्यात मशीनवर होते. त्या मशीनने त्यांचे कान खाल्ले. दाराची घंटा, पाखरं, नातवंडांची बडबड, असलं वरच्या सुरातलं सगळं केव्हाच गेलं. खालचे, जाडे सूर तेवढे उरले होते आणि तेही दर तपासणीत थोडे थोडे विझत चालले होते. हे मला कुणी सांगायला नको, त्यांचा आलेख मीच काढते. गंमत म्हणजे मशीनवर त्यांचा राग नाही. "काय ठेका होता गं त्याचा," असं अजून म्हणतात आणि गुडघ्यावर बोटं वाजवतात.

त्या बोटांकडे बघताना एकदा माझ्या मनात आलं, कॉम्प्युटरवर हवा तो आवाज बनवता येतो म्हणतात. मग बाबांना जेवढं ऐकू येतं तेवढ्यातच बसेल असं एक गाणं का करू नये? वर काही नाही, सगळं खालच्या पट्टीत. त्यांच्या मशीनसारखं, पण सुंदर. तेवढंही ऐकू यायचं बंद होण्याच्या आत. मला आयुष्यात याच्याइतकं दुसरं काही करावंसं वाटलेलं नाही.

ऑनलाइन शिकवणी लावली. शिकवणारा मास्तर माझ्याहून बराच लहान, पण मास्तरच. आठ मोजण्यांचा एक तुकडा बनवायचा आणि तो गोल फिरवत ठेवायचा, त्याला लूप म्हणतात. लूप कुणालाही जमतो. त्यातून बाहेर पडून गाणं करणं जमत नाही. काय कधी काढून घ्यायचं, कुठे थांबायचं, कुठे नवीन ठोका आणायचा, यात माझे हाल कुत्रं खाईना. वर मी सगळं खालच्याच सुरांत कोंबत होते, त्यामुळे आवाज एकमेकांच्या अंगावर पडायचे. मास्तरचा निरोप दर आठवड्याला ठरलेला, "ताई, परत लूपमध्येच अडकलात. आणि खाली सगळा चिखल झालाय."

तो चिखल मी बाबांना ऐकवायचे. कानातलं मशीन शिट्टी मारतं म्हणून ते काढून खिशात ठेवायचे, स्पीकरजवळच्या खुर्चीत नीट बसायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. मी मान वर केली की लगेच म्हणायचे, "छान आहे." गाणं संपलं की नाही हे त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळायचं. बऱ्याचदा ते अजून चालूच असायचं. त्या तोंडदेखल्या दोन शब्दांनी माझं काळीज जेवढं तुटलं तेवढं मास्तरच्या चिखलानेही तुटलं नाही.

शेवटी एका संध्याकाळी मी हात टेकले. जवळजवळ वर्ष ज्या लूपशी झटापट चालली होती तो पुसून टाकला. त्याचा माग राहू नये म्हणून कॉम्प्युटरच्या कचऱ्याच्या डब्यातूनही काढून टाकला. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले. नळ कशाला सोडला कोण जाणे, घरात ऐकू येणारं होतं कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पेशंट एक निवृत्त शिक्षिका होत्या. कान वयाच्या मानाने उत्तम. मी मोकळी जागा ठेवली आणि दिवा लागला. विझला, लागला. मी मनात म्हटलं, घ्या, बाईसुद्धा कॉपी करायला लागल्या.

पण दिवा अंदाजपंचे लागत नव्हता. दोनदा चटकन, मग दम खाऊन एकदा, मग उशिरा एक. मी तो पाहत होते आणि माझं बोट टेबलावर त्याच्याबरोबर पडत होतं, त्याच्याही थोडं आधी पडत होतं. काल पुसलेला लूप होता तो. आधी मला हसू आलं. ज्या गोष्टीत वर्षभर डोकं घातलं ती डोळ्यांसमोरून हलत नाही, एवढाच अर्थ मी लावला.

मग आठ मोजण्या झाल्या आणि दिवा पुढे गेला.

तो गोल फिरला नाही. एक ठोका गाळून अशा जागी थांबला, की मला श्वास घ्यायचं सुचेना. आणि मग भलत्याच ठिकाणाहून परत आला. तो यायला हवा होता तिथूनच आला, हे तो आल्यानंतर मला कळलं.

दार उघडलं तर बाई शांत बसलेल्या. मी विचारलं, "मधे सारखं बटण दाबत होतात, काही ऐकू येत होतं का?"

"मी?" त्या म्हणाल्या. "अहो, अजून सुरूच कुठे झालंय?"

त्या संध्याकाळी मी लूप आठवणीने पुन्हा बांधला आणि दिव्याने दाखवलेलं पुढचं त्याला जोडलं. चिखल बसला. ज्या जागा रिकाम्या सोडायच्या होत्या त्या आता रिकाम्या होत्या, आणि प्रत्येक आवाज आपापल्या जागी उभा होता. पुढच्या आठवड्यात एक ट्रकवाला आला, जाडजूड, बोलका माणूस. मोकळ्या जागेत त्याने शिक्षिकाबाईंनी सोडलं होतं तिथून पुढे सुरुवात केली. मी यंत्राशेजारी मोबाइल ठेवून त्यावर बोटाने ठोके टिपत गेले. बाहेर आल्यावर तोही म्हणाला, "बाई, कधी चालू करणार? मला गाडी भरायची आहे."

याचा विचार मी केला नाही असं नाही. यंत्राची वायर तपासली, बटण बदलून पाहिलं, डॉक्टरीणबाईंना स्वतःला आत बसवलं. सगळं ठणठणीत. मग विचार करणं सोडून दिलं, कारण गाणं होत होतं.

मास्तरने लिहिलं, "ताई, हे खरंच तुम्ही केलंत?" आणि बाबा... बाबांनी त्या दिवशी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. ते स्पीकरकडे बघत होते. पायाचा अंगठा हलायला लागला, मग पाऊल. गाणं जिथे अर्धवट तुटलं तिथे त्यांनी हात पुढे केला, जणू कुणी हातातून काही काढून घेतलं.

"थांबवलंस का? पुढे?"

"पुढचं अजून झालं नाही, बाबा."

"मग परत लाव. आणि पुढचं कर लवकर," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. तेवढ्यासाठी मी काहीही केलं असतं, हे तेव्हा मी गमतीने म्हणत असे.

महिन्याभराने ट्रकवाला परत आला, या वेळी डॉक्टरीणबाईंकडे. मग त्यांनी त्याला माझ्याकडे पाठवलं. त्याचा बोलकेपणा गेला होता.

"हॉर्न ऐकू येतो," तो म्हणाला. "माणसं बोललेली ऐकू येतात. पण इंजिन ऐकू येत नाही, बाई. गाडी चालू आहे की बंद, हात ठेवून बघावं लागतं."

मी तपासलं. या वेळी मोकळी जागा ठेवली नाही. त्याचे वरचे सूर पोरासारखे शाबूत होते. खालचे नव्हते. कमी झाले नव्हते, नव्हतेच. सहसा होतं ते याच्या उलट, वरून खाली जातं. गेलेला पट्टा कुठून कुठपर्यंत आहे हे मी पाहिलं. तो पट्टा मला पाठ होता. माझं सगळं गाणं त्यातच बसवलेलं होतं.

शिक्षिकाबाईंना मी कसलंतरी निमित्त काढून फोन केला. त्या म्हणाल्या, "बाकी ठीक आहे गं. फक्त जिन्यावरची पावलं हल्ली ऐकू येत नाहीत. माणसं एकदम दारातच उभी दिसतात."

मी कानाला खडा लावला. मोकळी जागा बंद म्हणजे बंद. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तर काहीतरी थाप मारली. गाण्याला शेवट नव्हता, तर नव्हता. मी स्वतः करायला बसले. दिवसच्या दिवस बसले, आणि माझ्या हातातून पुन्हा तोच चिखल निघायला लागला. तेव्हा लक्षात आलं की मी काहीच शिकले नव्हते. मला काही येत नव्हतं आणि येणारही नव्हतं. बाबा मात्र रोज चहाच्या वेळी खुर्चीत येऊन बसायचे.

"पुढचं झालं?"

"नाही, बाबा."

"बरं. आहे तेवढं लाव."

रोज तेवढंच लावायचं, आणि रोज ते तुटलं की त्यांचा हात पुढे यायचा. हल्ली आवाज आणखी वाढवायला सांगत होते.

मग त्यांचं कानातलं मशीन नव्याने बसवायचं ठरलं आणि त्यासाठी ताजा आलेख हवा होता. आमच्याकडे कान तपासणारी मी एकटीच. दुपारी दवाखाना रिकामा असताना मी त्यांना घेऊन गेले. केबिनमध्ये बसवलं, हेडफोनचा लाल उजव्या कानाला, निळा डाव्याला, हातात बटण.

"आवाज आला की दाबायचं," मी मोठ्याने म्हटलं.

"माहीत आहे गं, मला शिकवते," असं म्हणून ते हसले. मी दोन्ही दारं लावून घेतली.

मोकळी जागा ठेवायची नाही हे मी घरून ठरवून आले होते. खालचा सूर सोडला, दिवा लागला. जरा बारीक केला, लागला. आणखी बारीक केला. अजून थोडं शिल्लक होतं, मला वाटलं होतं त्याहून जास्त. माझा जीव भांड्यात पडला.

आणि माझं बोट थांबलं. ते का थांबलं हे मला माहीत आहे.

काही वेळ काहीच झालं नाही.

मग दिवा लागला.

ट्रकवाल्याने सोडलं होतं तिथून.

काचेतून बाबा दिसत होते. त्यांनी डोळे मिटले होते. पाऊल हलत होतं.

मी उठले. दाराच्या कडीवर हात ठेवला. एकदा ओढलं असतं की झालं असतं. मागे हिरवा प्रकाश भिंतीवर पडत होता आणि विझत होता, आणि मला न वळताही कळत होतं की शेवट जवळ आलाय.

मी वळले. मोबाइल काढला.

शेवट मला वाटला होता तसा मोठा नव्हता. एकेक आवाज निघून जात होता, कुणाला न दुखवता. मग एकच ठोका राहिला. मग त्याची जागा राहिली.

दिवा विझला तशी मी दारं उघडली. बाबांनी डोळे उघडले आणि माझ्या ओठांकडे पाहिलं.

"सुरू कर की आता!" ते ओरडले.

गाणं त्याच संध्याकाळी पूर्ण झालं. मास्तरने उत्तरात फक्त विचारलं की त्याच्या बाकीच्या विद्यार्थ्यांना ऐकवू का. चांगलं झालंय. मी पूर्ण केलेलं पहिलं गाणं आहे.

चहाच्या वेळी बाबा येऊन खुर्चीत नीट बसले. कानातलं मशीन काढून त्यांनी खिशात ठेवलं. मी स्पीकरची वायर लावली आणि त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं.

"छान आहे," ते म्हणाले.

मी अजून गाणं लावलंच नव्हतं.