कातरीच्या पात्यावरचा सूर

"माझा धुळा त्या पडद्यात हाय. तेवढा त्याचा पत्ता काढून द्या."

केराबाई दारातूनच बोलली. कुंभारीहून भर उन्हात चालत आलेली म्हातारी, आणि तिच्या पाठीमागं सून गोजाबाई. नव्या पेठेतल्या त्या माडीवर खासगी गुप्तहेर बसवराज कोनापुरे यांच्याकडे चोऱ्यामाऱ्यांची गिऱ्हाइकं यायची. पडद्यात शिरलेला मुलगा शोधायला १९३६ सालापर्यंत तरी कुणी आलं नव्हतं. बसवराजांचे मदतनीस रावजी म्हणजे पोलिसातून निवृत्त झालेले हवालदार, अंगानं दांडगे आणि मनानं लोणी. त्यांनी आधी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"बसा, मावशी. सावकाश सांगा," बसवराज म्हणाले.

"अडीच वरसं झाली. थेटरात मुका शिनेमा लागायचा तवा धुळा पडद्याम्होरं बसून गितार वाजवायचा. मांडीवर आडवी ठेवून तारांवर लोखंड सरकवत्यात, ती. मग बोलता शिनेमा आला आन् वाजवणारी समदी घरी बसली. धुळा न् पेटीवाला तिप्पण्णा मिळून पुण्याला फिलम कंपनीत गेले. दोन महिन्यांनी तिप्पण्णा एकलाच परतला. म्हणला, धुळा मुंबईला म्होरं गेला. त्यावर ना कागद, ना सांगावा."

"मग थिएटरात आत्ता लागलेल्या बोलपटात गिटार वाजवणारा तोच, हे कशावरून?"

"आईला इचारता व्हय?" म्हातारी उसळली. "लोखंड म्हून त्यो बापाच्या कातरीचं एक पातं वापरायचा. मेंढरं कातरायची कातर. बाप गेल्यापास्नं ते पातं कुणाच्या हाताला लागू द्यायचा न्हाय, निजतानाबी उशाखाली. त्याला एक खाच हाय. तार खाचंवर आली की किर्र करती. शिनेमात ती पोरगी गाव सोडून निघती, तवा तीच किर्र. आन् मेंढरं माघारी बोलवायची त्याची हाळी, तीबी सुरात वाजिवलीया!"

"राहू द्या की, आत्या," गोजाबाई हळूच म्हणाली. "कशाला लोकांना तरास?"

"गप! सायब, हिचा गावातल्या ज्ञानबासंगट पाट लावायचं, दुसरं लगीन करायचं ठरलं व्हतं. पंच हो म्हणले, मीबी हो म्हणले. धुळाच्या घोरानं मला अन्न जाईना. म्हटलं, डोळे मिटायच्या आत पोरीचं व्हावं. दोन महिन्यांमागं शेजारणीनं आमा दोघींना थेटरात नेलं. दुसऱ्या दिशी जाऊन पाट मोडला. नवरा जित्ता असताना पाट कसा लावायचा? तवापास्नं दोन घास जात्यात."

रावजींनी गोजाबाईकडे पाहिलं. बाविशीची असेल नसेल. आता धुळा सापडला तर बरं, नाही सापडला तर या पोरीनं काय जन्मभर पडद्याकडे बघत बसायचं?

बसवराजांनी तिला एकच प्रश्न विचारला, "वाद्य धुळाचं स्वतःचं होतं?"

"थेटरवाल्याचं. ह्यांचा डावा हात चालायचा, म्हून उलटं घ्यायचे मांडीवर. तारांची जागा बदललेली मालकाला खपायची न्हाय."

फिल्म कंपनीला पत्र गेलं. आठ दिवसांनी उत्तर आलं की वादकांच्या नावांची नोंद ठेवली जात नाही.

"वा रे वा!" रावजी तडकले. "जाहिरातीत घोड्याचं नाव आहे, आणि वाजवणाऱ्याचं नाही!"

दोघं थिएटरात गेले. यंत्र चालवणाऱ्या आप्पानं दुपारच्या खेळाआधी तेवढा भाग दोनदा दाखवला. नायिका निघाली. गिटार रडल्यासारखी वाजली. मध्येच किर्र झालं, मग लांबवलेली हाळी, आणि शेवटी सगळ्या तारांवरून एक झंकार.

बसवराज डोळे मिटून बसले होते. "रावजी, शेवटच्या झंकारात आधी काय येतं? जाड सूर की बारीक?"

"आधी जाड, मग बारीक. पुढं म्हैस आणि मागनं पारडू."

"ती कुंभारीची म्हातारी पाच वेळा येऊन गेली," आप्पा म्हणाला. "रडते काय, हसते काय! सून मात्र पडद्याकडं ढुंकून बघत नाही. आख्खा खेळ सासूच्या तोंडाकडं बघत बसते."

गिटारवाल्याच्या शोधाचा गावात बोभाटा झालाच होता. लग्नाच्या बँडचा मास्तर संगप्पा मिशीला पीळ देत म्हणाला, "ती गिटार मीच वाजवली की!"

"उभ्यानं, छातीशी धरून?" बसवराजांनी साळसूदपणे विचारलं.

"मग काय! उभ्यानंच."

"मांडीवर ठेवायचं वाद्य हा उभ्यानं वाजवतो," तिथून निघताना बसवराज म्हणाले. रावजी पोट धरून हसले. त्या दिवसातलं तेवढंच हसू.

तिप्पण्णा पेटी दुरुस्तीच्या दुकानात होता. किडकिडीत, मान खाली घालून बोलणारा.

"धुळा मुंबईला गेला, एवढंच मला माहीत. सिनेमात तोच वाजवतोय. म्हातारीचा कान खोटा कसा ठरेल?"

"तुम्ही कधी गिटार वाजवली?"

"छे! मी पेटीवाला माणूस."

त्यानं चहा पुढं केला. त्याच्या उजव्या अंगठ्याच्या पेराभोवती रावजींना कातडी दबलेला पांढुरका वळ दिसला. अंगठ्यात कोण अंगठी घालतं, असं त्यांच्या मनात आलं आणि चहाबरोबर विरून गेलं.

संध्याकाळी बसवराजांनी सासू-सून आणि तिप्पण्णा अशा तिघांना माडीवर बोलावलं. रावजींनी बसवराजांना आधी बाजूला घेतलं. "साहेब, वाईट बातमी असेल तर सांगू नका. म्हातारी आशेवर जगतेय हो."

"आणि गोजाबाईनं कशावर जगायचं?" बसवराज म्हणाले.

सगळे बसले. बसवराजांचा आवाज खाली आला होता.

"मावशी, तुमचा कान अगदी खरा आहे. पातं धुळाचंच आणि हाळीही त्याचीच. पण हात त्याचा नाही. गिटार मांडीवर सरळ ठेवली की जाड तार पोटाकडं येते. अंगठा पोटाकडून बाहेर फिरतो, म्हणून आधी जाड सूर, मग बारीक. धुळा वाद्य उलटं घ्यायचा. त्याच्या झंकारात बारीक सूर आधी यायला हवा. बोलपटात जाड आधी आहे. वाजवणारा उजव्या हाताचा आहे."

"मग पातं त्याच्याकडं कसं?" केराबाईनं विचारलं, आणि विचारतानाच तिचा चेहरा उतरला.

"तोच प्रश्न आहे. उशाखाली पातं घेऊन निजणारा माणूस जिवंतपणी ते दुसऱ्याला देईल?" बसवराज वळले. "तिप्पण्णा, तुझ्या उजव्या अंगठ्यावर तार छेडायच्या नखीचा वळ आहे. सतारीची नखी तर्जनीत घालतात, पेटीला तर लागतच नाही. अंगठ्यात नखी घालतो तो गिटारवाला. तू अजून रोज वाजवतोस. धुळाबरोबर गेलेला तूच होतास, आणि त्याची हाळी जवळून ऐकलेलाही तूच."

तिप्पण्णानं खिशातून फडक्यात गुंडाळलेलं पातं काढलं आणि केराबाईच्या पायाशी ठेवलं.

"पुण्यात पोचल्यावर महिन्याभरात विषमज्वर झाला त्याला. एकवीस दिवस मी उशाशी होतो. तापात मेंढरांना हाळ्या घालायचा. शेवटी पातं माझ्या हातात देऊन म्हणाला, आईला सांगू नको, ती अन्न सोडील. मग मी मुंबईची थाप मारली. हाताला चाळा म्हणून गिटार शिकलो. गेल्या दिवाळीत कंपनीनं बोलावलं. पोरगी गाव सोडून जाते, तिथं काहीतरी वाजव म्हणाले. मला दुसरं काही सुचलंच नाही हो! तुम्ही थेटरात जाल असं स्वप्नातही वाटलं नाही."

केराबाई पात्याला हात लावेना. "मला, आईलाच कळलं न्हाय," ती पुटपुटली. "कसं कळलं न्हाय?"

"एका माणसाला कळलं होतं," बसवराज म्हणाले. "धुळा वाजवताना ज्यानं जवळून पाहिलं होतं त्याला. म्हणून ते पडद्याकडं बघत नव्हतं, तुमच्याकडं बघत होतं."

म्हातारीनं सुनेकडं मान वळवली. "तू वळखलं व्हतंस?"

"पयल्याच दिशी. झंकार उलटा आला तवाच."

"आन् म्या पाट मोडला, तवाबी बोलली न्हाईस?"

"त्या दिशी तुमी दोन भाकरी खाल्ल्या की, आत्या."

रावजींनी खिडकीकडं तोंड फिरवलं. पोलिसात तीस वर्षं काढली, पण असा गुन्हा कबूल करताना कुणाला ऐकलं नव्हतं.

केराबाईनं गोजाबाईला जवळ ओढलं. "उद्या ज्ञानबाच्या दारात मी सोता जाती. मोडला म्या, जोडीनबी मीच. त्यो न्हाय म्हणला तर त्याच्या पाया पडीन. आज मातर मला माझ्या पोरासाठी रडू दे."

पण आधी रडली ती गोजाबाई. नवरा गेल्याचं कळून दोन महिने झाले होते, आणि तिला रडायचीसुद्धा चोरी होती.