एका यंत्राचे दोन बिघाड

तैपेईच्या गुआंगह्वा संगणक-बाजारातील सरकता जिना जिथे वरच्या मजल्यावर संपतो, नेमक्या तिथेच युन-शीच्या हातांतून संगणकाची जड पेटी निसटली. आणि ती भूमीला स्पर्श करण्यापूर्वीच दोन अपरिचित हातांनी तिला अलगद झेलले.

"पडली असती, तर माझे काका मलाच म्हणाले असते, गिऱ्हाईक आणायची ही तुझी नवी युक्ती!" त्या हातांचा स्वामी हसला.

त्याचे नाव मिंग-त्से. समोरच्याच गाळ्यात, आपल्या लियाओ काकांच्या हाताखाली, तो संगणक दुरुस्त करीत असे. युन-शी बालपुस्तकांसाठी चित्रे काढी. चित्रे विशाल आणि यंत्राची स्मृती अल्प. ढगात रंग भरू जावे, तर ढग जागच्या जागी निश्चल होऊन बसे.

"मेमरी वाढवू या. आणि... दुसरी हार्ड डिस्कही बसवू का?"

पहिली डिस्क अजून अर्धीही भरली नव्हती. तरीही ती म्हणाली, "बसवा." का म्हणाली, हे तिचे तिलाच उमगले नाही.

त्याने झाकण काढले आणि मेमरीची पट्टी तिच्यापुढे धरली. "तुम्हीच बसवा. पण आधी या पत्र्यावर बोटं टेकवा. अंगातली वीज उतरू दे, नाहीतर पट्टी जळते."

"उतरली, हे कळतं कसं?"

"शांत वाटतं म्हणे."

"मग... नाही उतरली अजून."

मिंग-त्सेचे कान आरक्त झाले. तिने पट्टी दाबली. कट्ट असा आवाज झाला, तेव्हा दोघेही उगाचच दचकले. सर्व काम आटोपल्यावर त्याने पेटीवर नारळाच्या चवीच्या खाऊचे हिरवे पाकीट चिकटवले. यंत्राने शहाण्यासारखे वागावे म्हणून तैपेईत कोण ते चिकटवत नाही! मात्र पाकीट हिरवेच हवे, मुदतीतले हवे, आणि ते कुणी फोडायचे नाही.

घरी आल्यावर यंत्र वाऱ्याशी स्पर्धा करू लागले. युन-शीला हर्ष व्हायला हवा होता. तिला मात्र चुकल्याचुकल्यासारखे होत राहिले. हे बिघडत का नाही? अखेर एका दुपारी तिने पत्र्यावर बोटे टेकवली, झाकण उघडले आणि ती पट्टी किंचित वर उचलून ठेवली. यंत्र सुरू होईना. नुसतेच कण्हत राहिले.

"आलात!" तिला पाहताच मिंग-त्सेचा चेहरा उजळला. "दुसरी डिस्क दिसत नाही ना?"

"कुठली डिस्क?"

"म्हणजे... मग कशासाठी आलात?"

"यंत्र चालूच होत नाहीये."

"असं कसं होईल?" आता तो खरोखरच गोंधळला.

लियाओ काका उठले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी सर्वप्रथम पाकिटाचे निरीक्षण केले. हिरवे. मुदतीतले. न फोडलेले.

"खाऊ चोख आहे. म्हणजे दोष माणसाचा." झाकण उघडून त्यांनी सैल पट्टीवर बोट ठेवले. "अरे, गाळा तुझ्या हवाली करायला निघालो होतो मी! पोराचा हात पक्का आहे, म्हणून बाजारभर सांगत फिरलो. आणि तुला साधी पट्टी बसवता येत नाही? राहू दे. त्यापेक्षा गाळा विकलेला बरा."

"मी नीट तपासली होती, काका... बहुतेक."

ते 'बहुतेक' युन-शीच्या अंतःकरणात रुतले. आपल्या हातावर ज्याचा एवढा विश्वास, तो आज त्या हाताकडेच संशयाने पाहत होता. शेजारच्या गाळ्यांतील माणसे माना उंचावून ऐकत होती. मौन सोपे होते...

"त्यांची चूक नाही," ती म्हणाली. "पट्टी मी सैल केली."

"तुम्ही? पण का?" मिंग-त्सेने विचारले.

"परत यायला काहीतरी कारण नको का?"

काकांनी सावकाश पुतण्याकडे मान वळवली. "आणि तू मघाशी डिस्कचं काय बोललास रे?"

मिंग-त्से पायांकडे पाहू लागला. "नवी डिस्क बसवली तरी यंत्राला तिची ओळख करून द्यावी लागते. ती मी... मुद्दाम करून दिली नाही. वाटलं, डिस्क दिसली नाही की या येतील. रोज जिन्याकडे बघत होतो."

"मी तर ती डिस्क विसरूनच गेले होते!"

"विसरलात?"

"मला नकोच होती ती!"

"मग घेतलीत कशाला?"

"तुम्ही विचारलंत म्हणून!"

काकांनी आळीपाळीने दोघांकडे पाहिले आणि अंगठ्याने पट्टी जागेवर दाबली. "हात पक्का आहे, एवढं तरी ठरलं. गाळा तुझा. पण गिऱ्हाइकाच्या यंत्रात पुन्हा लबाडी केलीस, तर तुलाच विकीन. बस आता, पुरी कर ती ओळख."

मिंग-त्से पडद्यासमोर बसला. युन-शी त्याच्या खांद्यामागे उभी राहिली — इतकी निकट, की त्याची बोटे दोनदा चुकीच्या बटणावर पडली. अखेर नवी डिस्क पडद्यावर उमटली.

"केवढी रिकामी आहे," ती हळूच म्हणाली. "काय ठेवू हिच्यात?"

"ते... संध्याकाळी सांगितलं तर चालेल?"

"संध्याकाळी? कुठे?"

"तेही अजून ठरवलेलं नाही."

युन-शीने छत्री उचलली. "मग आत्ताच निघू या. तुम्हाला ठरवायला फार वेळ लागतो."