वरचा कागद

कपड्यांच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं कटर आहे. लांब टेबलावर कापडाचे चाळीस थर एकावर एक अंथरायचे, फक्त सगळ्यात वरच्या थरावर खडूनं आखायचं आणि मशीनचं पातं फिरवायचं. वर जे असतं तेच खाली असतं, म्हणून खालचं कोणी बघत बसत नाही. माझी दहाही बोटं शाबूत आहेत, आणि टेप सांगेल तेवढ्यावरच माझा विश्वास.

हे गेल्यापासून घरात मी आणि वन्सं, म्हणजे माझी नणंद. त्यांनी लग्न केलं नाही. शाळेत चित्रकला शिकवली आणि मागची खोली गोधड्यांच्या नमुन्यांनी भरली. शाळेनं मोडीत काढलेलं बारा खणांचं लोखंडी कपाट, खाटेखाली खोकी, दारामागे गुंडाळ्या. बसच्या सीटवर नक्षी दिसो की दवाखान्याच्या फरशीवर, वन्सं पर्समधून बटर पेपर काढून ती उतरवून घ्यायच्या. कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहायच्या, गोधडी कोणासाठी ते. मग टाचणी लावून गठ्ठा खणात. सव्वीस वर्षांत शिवून झाल्या चार गोधड्या. पाचवीला कात्री लावायचा मुहूर्त काही सापडत नव्हता.

मला काय, माझं काही अडत नव्हतं. पण लेक बाळंतपणाला येणार होती. पहिलं मूल पोटातच गेलेलं, म्हणून या खेपेला डॉक्टरांनी शेवटचे तीन महिने पडून राहायला सांगितलं होतं. ऊन येणारी आणि दार लागणारी घरात तेवढी एकच खोली.

“वन्सं, तुम्ही पुढच्या खोलीत या ना. हे कागद माळ्यावर टाकू.”

“माळ्यावर वाळवी आहे.”

“मग थोडे रद्दीत द्या. हे सगळं शिवायला सात जन्म पुरायचे नाहीत.”

“शिवून होईतो मी कुठं जात नाही, वहिनी,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी त्या आंघोळीला गेल्यावर मी सगळ्यात खालच्या खणातला एक गठ्ठा काढला. वरच्या कागदाच्या कोपऱ्यात ‘माझ्यासाठी’ लिहिलेलं होतं. म्हटलं, बरंच झालं. डब्याच्या पिशवीतून तो कारखान्यात नेला आणि चिंध्यांबरोबर पात्याखाली घातला. मग रोज एक. रोज वरचा कागद बघायचा आणि गठ्ठा पिशवीत टाकायचा.

आठवड्याभरानं वन्सं भाजी घेऊन आल्या त्या दार ठोठावत. “बेलचं बटण वर बसवून घेतलंत का, वहिनी?”

मी नाही म्हटलं. बटण होतं तिथंच होतं.

त्यांचे ब्लाऊज मीच शिवते. बाह्या लोंबायला लागल्या तेव्हा टेप लावला. दंड अर्ध्या इंचानं कमी, खांद्यापासून मनगटापर्यंत पाऊण इंच. डॉक्टर म्हणाले, वयानं माणूस आक्रसतं. असेलही. पण हाडं झिजली म्हणून नखं लहान होत नाहीत. चप्पल, चष्मा, कवळी, एकेक करून सगळं त्यांना मोठं होत गेलं. दुखत-खुपत काही नव्हतं आणि आवाजही पहिल्यासारखाच खणखणीत.

मी चार दिवस गठ्ठे नेले नाहीत. माप तेच राहिलं. पाचव्या दिवशी दोन नेले. संध्याकाळी टेपवर पाऊण इंच कमी.

मग मला कळलं. आणि मी थांबले नाही. कशाला खोटं बोलू? मला लेकीचं पोट दिसत होतं आणि ती उन्हाची खोली दिसत होती. मी रोज तीन न्यायला लागले.

लेकीचा फोन यायचा. “आई, अंगठी बोटातून गळून पडली गं.”

“या दिवसांत बोटं सुजतात. तुझी अंगठी सैल कशी होते?”

“कोण जाणे. डॉक्टर म्हणतात, बाळाची वाढही महिन्यांच्या मानानं कमीच आहे.”

“खात जा नीट,” मी म्हटलं. पुढेपुढे ती फोनवर नुसती रडायची. काय झालं ते सांगेना. म्हणायची, आल्यावर बघशीलच.

शेजारी विचारत, तेव्हा मी वन्संना बरं नाही म्हणायची. सकाळी त्यांना दोन बोटांनी उचलून खिडकीत उन्हाला ठेवायची. त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. मी खण उघडायची तेव्हा माझ्याकडे बघत राहायच्या.

लेक यायची त्या दिवशी कपाटात शेवटचा गठ्ठा उरला होता. टाचणी गंजलेली होती. मी उचलला आणि ती निसटली.

कागद फरशीभर झाले.

‘माझ्यासाठी’. त्याखालचा लेकीच्या नावाचा. पुढचा ‘तिच्या बाळासाठी’. मग पुन्हा ‘माझ्यासाठी’. पुन्हा लेक.

“हे काय आहे, वन्सं?”

“ज्या दिवशी जे काढले ते एकत्र,” खिडकीतून आवाज आला. “वेगळे गठ्ठे कधी बांधले मी?”

“सगळ्यांत असे होते?”

“बऱ्याचशांत. मला वाटलं, तुम्ही वाचून नेताय. म्हटलं, पोटच्या पोरीचंही काही वाटत नाही या बाईला.”

मी कोरा बटर पेपर खिडकीत अंथरला आणि हात जोडले. “तिच्यासाठी काढा. एवढं करा. मी शिवीन, आजच शिवीन.”

“पेन्सिल धरवत नाही आता.”

मी पेन्सिल फोडली. शिसाचं टोक दातांनी मोडलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं, कागदावरून चालत कोपऱ्यात गेल्या आणि लिहायला लागल्या. नमुन्याआधी नाव. शिक्षिकेचं सुरेख अक्षर. मी वाकून वाचलं.

‘माझ्यासाठी’.

“आधी माझे,” वन्सं म्हणाल्या. “नेलेत तेवढे सगळे.”

बाहेर टॅक्सी थांबली. बेल वाजेल म्हणून मी उभी राहिले. बेल वाजली नाही. दार वाजलं, खालच्या बाजूला, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर.

“आई,” लेकीचा आवाज आला, “बेलचं बटण वर बसवून घेतलंस का गं?”