गोळी लागू पडली

डोकं ठणकत होतं म्हणून औषधांच्या दुकानात शिरले, आणि दारातच थबकले. एक दांडगा माणूस खोकल्याच्या औषधाच्या चार-चार बाटल्या मागत होता. तरुण दुकानदार नुसती मान हलवत होता.

"चिठ्ठीशिवाय नाही."

तो माणूस काउंटरवर मूठ आपटून निघून गेला. दुकानदाराने कपाळावरचा घाम पुसला, आणि मी बोलून गेले, "तुमच्यासारखाच माणूस शोधतेय मी!"

"बापरे... इतक्या लवकर? आधी नाव-गाव तरी विचारा."

माझे कान तापले. "तसं नाही हो! व्यसनमुक्ती समितीसाठी. डॉक्टर, मुख्याध्यापिका, फौजदार, सगळ्यांची मोट बांधतेय मी. इथल्या सगळ्या औषधवाल्यांनी मिळून नशेची औषधं चिठ्ठीशिवाय देणं बंद केलं, तर..."

"तर मांजराच्या गळ्यात घंटा मी बांधायची?"

"आधी तुम्ही... मग बाकीचे येतील."

आणि खरंच आले. दर सभेला तो माझ्या समोरची खुर्ची पटकावायचा. मी वाद मिटवण्यात गुंतले, की माझा निवत चाललेला चहा हळूच बदलून ठेवायचा. वर पाहिलं, की साहेब छताकडे बघताहेत!

मग त्याला धमकीचा फोन आला. 'तुला एक गोळी पुरे.'

"माझ्या दुकानात गोळ्यांना काय तोटा?" तो मला म्हणाला.

मला हसू आलं नाही. मीच ओढलं होतं त्याला यात. रस्त्यावर टायर जरी फुटला, तरी माझ्या काळजाचं पाणी व्हायचं.

एका दुपारी तो सभेला आला नाही. फोन केला, तर त्याच्या आत्यांनी उचलला. आवाज तुटत होता. "अगं, त्याला गोळी ला... पड... आता शांत पडलाय—"

फोन कटला.

"त्याला गोळी लागली!" एवढंच ओरडून, सभा तशीच टाकून मी धावत सुटले. त्याच्या घराचं दार उघडंच होतं. तो पलंगावर... डोळे मिटलेले.

"अरे, ऊठ ना! असा जाऊ नकोस... प्रेम आहे रे माझं तुझ्यावर!"

त्याने एक डोळा उघडला. "ताप उतरलाय... एवढ्यात नाही जात."

"तेच तर सांगत होते," आत्या स्वयंपाकघरातून आल्या. "तापाची गोळी लागू पडली म्हणून!"

एवढ्यात फौजदारसाहेब धापा टाकत दारात. "कुठे लागली गोळी?"

"लागू पडली!" आत्या ओरडल्या, आणि त्यांना चहाला आत घेऊन गेल्या.

मी ढसाढसा रडले. "समिती सोड तू. आजच्या आज."

"'अहो' गेलं वाटतं?"

"थट्टा नको. भीती वाटते मला..."

"मलाही वाटते गं. रोज शटर उघडताना आधी रस्ता दोन्हीकडे बघून घेतो. पण मी मागे सरलो, तर बाकीचे उद्याच सरतील. मग त्यांना तू काय सांगशील?"

मी डोळे पुसले. त्याने माझा हात हातात घेतला. त्याचा तळवा अजून गरम होता.

तो बरा होऊन पुन्हा दुकान उघडायला आला, त्या सकाळी मीही तिथे गेले. पलीकडे मोटारसायकलवर दोघेजण बसले होते. आमच्याकडेच बघत होते.

"घरी जा," तो पुटपुटला.

"जाईन ना... तुझ्याच घरी. आत्यांना विचारून आलेय," मी म्हटलं आणि शटरचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून ते वर सारलं.