हेडसरांचा खून आणि खोटा इशारा

"शुक्रवारी आपण हेडसरांचा खून करणार आहात का?"

दारातल्या यंत्रमानवाचा प्रश्न ऐकून शाल्मलीच्या तोंडातला पोह्यांचा घास तोंडातच राहिला.

"अहो, ते नाटकातले हेडसर!" ती कशीबशी म्हणाली. "स्नेहसंमेलनाचं नाटक मी लिहितेय. शेवटच्या प्रवेशात त्यांचा खून होतो."

"नोंद घेतली," यंत्रमानव शांतपणे म्हणाला. तो जिल्ह्याच्या बालसुरक्षा केंद्रातून आला होता. "चौकशी होईपर्यंत आपलं संदेशांचं खातं बंद राहील." एवढं बोलून तो जिना उतरून गेलासुद्धा.

'शुक्रवारी हेडसरांचा खून करायचा' हे वाक्य शाल्मलीनं फक्त चार मैत्रिणींच्या ऑनलाइन गटात लिहिलं होतं. मग केंद्राला सांगितलं कोणी? गटातल्या नसरीननंच! खुनाचा प्रसंग नको म्हणून कालच ती भांडली होती. शाळेत शाल्मली तिच्याशी चकार शब्द बोलली नाही. नसरीन डोळे पुसून बाक बदलून बसली.

संध्याकाळी वसुधामावशी आली. यंत्रांना माणसांची भाषा शिकवणं हे तिचं काम. सगळं ऐकून ती म्हणाली, "चुगली कुणीच केली नाही गं. तुम्हा मुलांचं सगळं लिखाण केंद्राचा अल्गोरिदम (यंत्रानं पायरीपायरीनं पाळायची रीत) वाचतो."

"आमच्या गटातलंही? मग ते नाटक आहे हे त्याला कळलं कसं नाही?"

"त्याला संदर्भ (मागचंपुढचं बोलणं) नीट कळत नाही. 'खून', 'शुक्रवार', 'हेडसर' असे शब्द शेजारी आले, की तो घंटा वाजवतो. आता असं धर, जिल्ह्यात लाखभर मुलं आहेत. त्यातली दहाच खरोखर संकटात आहेत. आणि यंत्र शंभरात एकदाच चुकतं. किती घरी उगाच घंटा वाजेल?"

शाल्मलीनं मनात हिशोब केला. "बाप रे, जवळजवळ हजार!"

"त्याला म्हणतात खोटा इशारा (धोका नसताना वाजलेली घंटा)."

"मग बंदच करा ना ते यंत्र!"

मावशीनं मान हलवली. "गेल्या वर्षी एक मुलगी एका फसव्या माणसाला भेटायला निघाली होती. याच यंत्रामुळे ती वाचली."

शाल्मली आणखीनच गोंधळली. "म्हणजे ते चांगलं की वाईट?"

"मलाही रोज हाच प्रश्न पडतो. पण खासगीपणा म्हणजे लपवाछपवी नव्हे. आपलं बोलणं कुणी ऐकायचं, हे आपण ठरवणं म्हणजे खासगीपणा. त्यात कुणाला डोकावायचंच असेल, तर आधी सांगावं. घंटा वाजली तर माणसानं तपासावं. आणि चुकलं तर माफी मागावी."

माफी हा शब्द ऐकताच शाल्मली ताडकन उठली. नसरीनचं भांडण आणि दारातला यंत्रमानव, दोन गोष्टी शेजारी आल्या होत्या आणि तिनंही त्या यंत्रासारखीच घंटा वाजवून टाकली होती.

नसरीन तिच्या घराच्या गच्चीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. "चुकलं माझं," शाल्मली म्हणाली आणि तिनं सगळं सांगितलं.

"म्हणजे आपलं सगळं कुणीतरी वाचतं?" नसरीनच्या हातातली चादर तशीच राहिली. "मग मी आता काही लिहिणारच नाही."

"तसं नको गं! उद्या दोघी केंद्रात जाऊ. विचारू त्यांना."

"काय विचारायचं?"

"अजून मलाच नीट कळलं नाहीये," शाल्मली म्हणाली. "वाटेत ठरवू."